पायाला ब्रेक कळेना

डेपोत तिला सगळे लोणी म्हणत. हे नाव एका मेकॅनिकनं ठेवलं होतं. एकदा तो तिच्या बसमधून उभ्यानं चहाचा ग्लास घेऊन आला आणि उतरताना ग्लास तसाच भरलेला पाहून म्हणाला, "ही बाई ब्रेक मारत नाही, लोणी लावते." तेव्हापासून तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं.

तिलाही ते नाव मनातून आवडायचं. मोठ्या बसचा हवेचा ब्रेक फार चावरा असतो. जरा जास्त दाबला की सगळी बस नाक घासते. तिच्या पायाला त्याची नस सापडली होती. थांबा यायच्या बराच आधीपासून ती हळूहळू वेग काढून घ्यायची, आणि बस कधी थांबली हे दार उघडल्यावरच लोकांना कळायचं.

घरी ती आणि तिची नणंद, दोघीच. नवरा वेल्डर होता, तो काही वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नव्हतं. नणंदेनं लग्न केलं नव्हतं. ती घरीच कपडे उसवून-शिवून द्यायची कामं करायची. तोंडानं तिखट, पण भावजयीचा डबा कधी चुकवायची नाही.

सुरुवात मुंग्यांनी झाली. पायाला मुंग्या कुणाला येत नाहीत? पण या मुंग्या येऊन जाईनात. तळव्यांत वस्तीलाच राहिल्या. मग संध्याकाळी आग व्हायला लागली. बूट काढले तरी आग, पाण्यात पाय बुडवले तरी आग. खुर्चीत बसली की पाय आपोआप हलायचे, म्हणून ती उठायची, स्वयंपाकघरात जायची, तिथून गॅलरीत, गॅलरीतून परत.

"वहिनी, एका जागी बस गं," नणंद मशीनवरून ओरडायची. "तू फिरतेस आणि माझी शिवण वाकडी जाते."

"बसले तर पाय बसू देत नाहीत, वन्सं."

"मग त्यांना बाहेर ठेव आणि तू आत बस."

एके दिवशी ती बूट डेपोत ठेवून चपलांवर घरी आली, तर पायात एकच चप्पल. नणंद आधी पोट धरून हसली. मग तिनं खाली पाहिलं. उजव्या तळव्यात खडा रुतला होता आणि फरशीवर रक्ताचे ठिपके उमटले होते.

"दुखत नाही तुला?"

लोणीनं पाय उचलून पाहिला. तिला खरंच काही कळलं नव्हतं. "नवीन चप्पल आहे, सैल आहे," ती म्हणाली. चप्पल जुनीच होती.

नणंदेनं डॉक्टरचा धोशा लावला, पण लोणी ऐकेना. तिला साखर होती, तिची गोळी ती कित्येक वर्षं घेत होती. ड्यूटीच्या वेळा आज एक, उद्या दुसरी, त्यामुळे पित्तही कायमचं. त्याची गोळी ती रोज सकाळी चहाआधी घ्यायची. या दोन्ही गोळ्या दवाखान्यातून कुणीतरी आणून द्यायचं. स्वतः डॉक्टरसमोर बसून तिला जमाना झाला होता. आणि आता पायाचं सांगायचं म्हणजे? डॉक्टर डेपोला कळवणार आणि डेपो तिला स्टिअरिंगवरून उठवणार. तिला दुसरं काय येत होतं?

तिच्या बसवरच्या कंडक्टरला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो बंद व्हायचा नाही. त्याच्या नजरेतून काही सुटायचं नाही. शेवटच्या थांब्यावर तिला गाडीभोवती फेऱ्या मारताना पाहून तो म्हणाला, "ताई, नसा कमजोर झाल्यात. माझ्या सासऱ्यांचं अस्संच होतं. लाल गोळी घ्या, जीवनसत्त्वाची. खडखडीत व्हाल."

औषधाच्या दुकानात कुणी काही विचारलं नाही. लाल गोळ्या मिळाल्या. पहिले काही दिवस तिला बरं वाटलं, किंवा बरं वाटावं असं तिला वाटत होतं. लघवी पिवळीधमक झाली तेव्हा तर औषध लागू पडतंय अशी तिची खात्रीच झाली. पण मुंग्या हटेनात. मग दुसऱ्या दुकानातून 'नसांसाठी खास' पिवळ्या कॅप्सूल आल्या. नणंदेनं शेजारणीच्या सांगण्यावरून शक्तीची पावडर आणली. पाण्यात टाकल्या की फसफसणाऱ्या गोळ्या रेडिओनं दिल्या. लोणी हे सगळं घ्यायची. एकानं भागलं नाही तर दोन घ्यायची.

"जीवनसत्त्वच आहे ना?" ती म्हणायची. "विष थोडंच आहे?"

महिने गेले. आता बोटांची टोकंही बधिर व्हायला लागली. शर्टाचं बटण काजात जाईना. नणंद मुकाट्यानं तिची बटणं लावून द्यायची, आणि नणंद मुकाट असणं हेच घरात सगळ्यांत भीतीदायक होतं. लोणी आणखी एक कॅप्सूल घ्यायची आणि निघायची.

बस चालवताना ती आता सारखी खाली पाहायची. पाय कुठं आहे हे पाहिल्याशिवाय कळत नव्हतं. रस्ता, आरसा, पाय. रस्ता, आरसा, पाय.  बस धक्का देऊन थांबायला लागली. लोक आपसांत म्हणायचे, आज ड्रायव्हर बदललाय वाटतं. ते शब्द तिला सुईसारखे टोचायचे. पायाला सुई टोचली असती तर कळलीही नसती.

मग बाजाराजवळच्या थांब्यावर ते झालं. दुपारची वेळ, बस निम्मी भरलेली. एक म्हातारे गृहस्थ उतरायला आधीच उठून दाराशी उभे होते. लोणीनं ब्रेक दाबला. म्हणजे तिला वाटलं तिनं दाबला. बस थांबली नाही. तिनं खाली पाहिलं, तर बूट ब्रेकच्या कडेला लटकलेला. तिनं घाबरून सगळा जोर टाकला. बस थांब्याचं रेलिंग वाकवून खाडकन थांबली आणि म्हातारबाबा तोंडावर दांडीला आपटले.

ओठ फुटला होता. कवळीचे दोन तुकडे झाले होते. एक त्यांच्या हातात होता, दुसरा कुठंतरी बाकाखाली उडाला होता. लोणी सीटवरून उठली. तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत रेडिओ सुरू झाला होता.

"कुत्रं! कुत्रं आडवं आलं एकदम! ताईंनी दाबला म्हणून वाचलं बिचारं!"

"हो, मी पाहिलं ना," एक बाई म्हणाली. "इकडून तिकडं पळालं."

"काळं होतं," म्हातारबाबा रुमाल ओठाला दाबत बोबड्या तोंडानं म्हणाले. "माझे दात दुखले नाहीत हो, ते माझे नव्हतेच."

लोक हसले. बघता बघता निम्म्या बसनं ते कुत्रं पाहिलं होतं. कुणी म्हणे त्याला शेपूट नव्हती, कुणी म्हणे गळ्यात पट्टा होता.  रस्त्यावर कुत्रं सोडा, चिमणीसुद्धा नव्हती हे एकट्या लोणीला माहीत होतं.

डेपोच्या साहेबांनी कुत्र्याची हकिकत ऐकली, मान हलवली आणि म्हणाले, "भटक्या कुत्र्यांचं काहीतरी करायला हवं." विषय मिटला.

तिच्यासाठी मिटला नाही. घरी ती बसेना, जेवेना. गॅलरीत गेली, परत आली, पाणी प्यायचं म्हणून काचेचा पेला घेतला आणि तो हातातून निसटला. नणंदेनं काचा गोळा केल्या.

"काय झालंय ते सांगतेस की मी डेपोत येऊ विचारायला?"

लोणीनं सांगितलं.  शेवटी नणंद एवढंच म्हणाली, "बाबांच्या जागी लहान मूल असतं तर?"

हाच प्रश्न लोणी दुपारपासून स्वतःला विचारत होती. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तो टाळता येईना.

सकाळी ती ड्यूटीवर गेली. बसमध्ये चढली, सीटवर बसली, किल्ली लावली. पाय ब्रेकवर ठेवला आणि डोळे मिटले. पाय कशावर आहे? फळीवर असता, उशीवर असता, हवेत असता, तरी तेच. तिनं किल्ली काढली, खाली उतरली आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, कुत्रं नव्हतं."

"काय?"

"कालचं कुत्रं. नव्हतंच. माझ्या पायाला ब्रेक कळत नाही. बरेच महिने झाले."

साहेबांनी चष्मा काढला. "बरेच महिने? आणि आज सांगताय? अहो, त्या कुत्र्यासाठी मी वर फोन केलाय! आता काय सांगू, कुत्रं परत घेतलं म्हणून?" बराच वेळ ते तिला झापत राहिले. ती उभी राहून ऐकत होती आणि उभ्या उभ्या पाय हलवत होती. मग त्यांचं त्या पायांकडे लक्ष गेलं. आवाज खाली आला. "किल्ली ठेवा इथं. आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जा."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस वर बांधलेले, हात गार. त्यांनी एक दोन टोकांचा लोखंडी काटा टेबलावर आपटला आणि त्याचा दांडा लोणीच्या घोट्यावर टेकवला.

"गुणगुणतंय का?"

"कोण?"

डॉक्टरीणबाईंनी तोच काटा तिच्या कपाळावर ठेवला. डोकं भुंग्यासारखं भणभणलं. लोणी दचकली. "असं पायात व्हायला हवं होतं?"

"हो. आता डोळे मिटा. मी तुमचा अंगठा हलवते. वर की खाली?"

"वर."

"आणि आता?"

"खाली. नाही, वर."

दोन्ही वेळा चुकलं होतं. मग पाय जुळवून उभं राहायला सांगितलं, डोळे मिटून. मिटल्याबरोबर ती उभ्या झाडासारखी कलली. डॉक्टरीणबाईंचा हात मागं तयारच होता.

रक्त तपासायला गेलं आणि पुढच्या खेपेला घरातली सगळी औषधं घेऊन यायला सांगितलं. नणंद पिशवी भरून घेऊन आली आणि टेबलावर उपडी केली. लाल, पिवळ्या, फसफसणाऱ्या, पावडरचा डबा, साखरेची गोळी, पित्ताची गोळी. डॉक्टरीणबाई एकेक पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचत गेल्या आणि त्यांच्या कपाळावरची आठी वाढत गेली.

"तुमच्या रक्तात बी-बारा फार कमी आहे," त्या म्हणाल्या. "पित्ताची आणि साखरेची गोळी वर्षानुवर्षं घेतली की काही लोकांच्या पोटात ते नीट शोषलं जात नाही. त्याच्याशिवाय नसा सुकतात. सुरुवात तिथून झाली."

"मग गोळ्या घेतच होते ना मी जीवनसत्त्वाच्या!"

"त्यातच गोची झाली. यांच्यात बी-बारा आहे चिमूटभर, तेही तुमच्या पोटानं घेतलं नाही. आणि या प्रत्येकात बी-सहा आहे, भरपूर. चार ठिकाणांहून तेच. ते इतकं जास्त झालं, की तेही नसांना बाधतं. अगदी असंच. मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं."

नणंद पुढं सरकली. "पण दोन्ही बीच ना, बाई?"

"बी हे आडनाव समजा. घरात माणसं बरीच आहेत. ज्याची गरज होती तो दाराबाहेर उभा राहिला, आणि ज्याला कुणी बोलावलं नव्हतं तो चौघांचं जेवून बसला."

नणंदेला हसू आलं. लोणीला आलं नाही. आपण हातानं, पैसे मोजून, पाण्याबरोबर हे गिळत होतो, हे तिच्या घशाखाली उतरेना.

लाल-पिवळं सगळं बंद झालं. साखरेची गोळी चालूच ठेवायची, पित्ताचं डॉक्टरीणबाई बघणार, आणि बी-बाराची इंजेक्शनं. निघताना त्या म्हणाल्या, "एक आधीच सांगते. हे थांबवल्यावर काही आठवडे आणखी वाईट वाटेल. घाबरून परत काही सुरू करू नका."

"आणि पूर्ण बरं कधी होणार?"

"नसा फार सावकाश सुधारतात. किती सुधारतील ते आज सांगता येणार नाही. उशीर झालाय, पण फार नाही."

डेपोनं तिला हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं. बसमध्ये राहिलेल्या छत्र्या, डबे, एकेरी हातमोजे, शाळेच्या पिशव्या, एक कुबडीसुद्धा. कुबडी विसरून माणूस चालत कसा गेला, हा डेपोतला जुना विनोद होता. आधी ती त्याला हसायची. आता ती त्या मांडण्यांच्या मधल्या बोळातून येरझाऱ्या घालायची. बाहेर बस सुटायची आणि ती आवाजावरून ओळखायची, कोण चालवतंय, किती घाईत क्लच सोडतोय. अंगाची लाही व्हायची.

रेडिओ तिच्याशी बोलत नव्हता. त्याला खोटं बोलल्याबद्दल तंबी मिळाली होती. एकदाच तो दारात येऊन बोलून गेला. "मी तुमच्यासाठी खोटं बोललो आणि तुम्ही मलाच खोटं पाडलंत. निदान आधी मला तरी सांगायचं होतं." त्याचं म्हणणं खरं होतं. तिनं तसं म्हटलंही. पण तो ऐकायला थांबला नाही.

आणि एक दिवस खिडकीशी म्हातारबाबा आले. ओठावर फिकट वण होता.

"कवळीचा तुकडा सापडलाय का हो? नवीन बसत नाही नीट. जुनी जोडून मिळते का बघतो."

तुकडा होता, रुमालात गुंडाळून ठेवलेला. तिनंच ठेवला होता. तो देताना ती म्हणाली, "बाबा, त्या दिवशी गाडीवर मीच होते. कुत्रं आलं नव्हतं."

"आलं होतं. काळं. मी पाहिलं."

"नव्हतं हो. माझा पाय ब्रेकवर नव्हता. मला पायाचं कळत नव्हतं."

म्हातारबाबा हातातल्या तुकड्याकडे पाहत राहिले. "मग मी काय पाहिलं?" ते स्वतःशी पुटपुटले. मग चेहरा बदलला. "म्हणजे पाय कळत नव्हता तरी तुम्ही आम्हाला घेऊन फिरत होतात? इतके दिवस?"

"हो."

त्यांनी तुकडा खिशात टाकला आणि काही न बोलता निघून गेले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला दिवसभर वाटत राहिलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं, आग वाढली. हातपाय पेटलेल्या कोळशासारखे व्हायचे. चादरीचा स्पर्श नको वाटायचा. एकदा तिनं लाल गोळीचं उरलेलं पाकीट शोधायला सगळे खण उपसले. नणंद दारात उभी राहून बघत होती.

"नाही सापडणार. मी फेकलंय."

"कुणाला विचारून?"

"माझ्या भावाला विचारून," नणंद म्हणाली. भावाचं नाव निघालं आणि लोणीनं खण लावून टाकला. मग नणंदेनं तिचे पाय स्वतःच्या मांडीवर घेतले आणि ओल्या फडक्यानं पुसत बसली. लोणी रडली. किती दिवसांत रडली नव्हती.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नर्स इंजेक्शन द्यायची. आधी वरचेवर, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. फरक कधी पडला ते सांगता येत नाही. आधी हाताची बोटं शुद्धीवर आली. एका सकाळी तिनं शर्टाची सगळी बटणं स्वतः लावली आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही. नणंदच सुई हातात धरून बघत राहिली. मग बऱ्याच दिवसांनी नणंद फरशी पुसत असताना ती अनवाणी मधूनच चालत गेली.

"आत्ताच पुसलंय! डोळे आहेत की बटणं?"

लोणी जागच्या जागी थांबली होती. "वन्सं, गार लागलं."

"काय?"

"फरशी. गार लागली."

नणंदेनं बादलीतलं पाणी ओंजळीत घेऊन तिच्या दुसऱ्या पायावर ओतलं. "आणि इथं?"

"इथं थोडं."

तपासण्या पुढंही चालू राहिल्या. काटा घोट्यावर गुणगुणायला लागला, आधी उजव्या, मग डाव्या. डाव्या अंगठ्यात मात्र नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो कदाचित असाच राहील. जवळजवळ वर्ष उलटल्यावर त्यांनी चालवायला हरकत नाही असं कळवलं. तरी साहेबांनी तिला लगेच रस्त्यावर सोडलं नाही. रिकामी बस डेपोच्या आवारात फिरवायला लावली, स्वतः मागच्या बाकावर बसून. गतिरोधक, वळण, चढावर थांबणं. सगळं झाल्यावर म्हणाले, "पूर्वीसारखं नाही."

"नाही," ती म्हणाली. "थोडा धक्का बसतोय."

"इतरांच्या मानानं कमीच आहे. पण बाजाराची लाइन इतक्यात नाही. कालव्याकडची छोटी लाइन घ्या. आणि दर महिन्याला मला येऊन सांगायचं, पाय काय म्हणतोय ते. चांगलं असो वा वाईट."

पहिल्या दिवशी गाडीवर कंडक्टर कोण असेल याची तिला धास्ती होती. रेडिओच चढला. त्यानं मशीन गळ्यात अडकवलं, तिच्याकडे पाहिलं नाही, घंटी वाजवली. कालव्यापर्यंत तो फक्त तिकिटं फाडत राहिला. शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली तेव्हा तो पुढं आला आणि दांडीला टेकून उभा राहिला.

"पाय कसाय, ताई?"

"आग होते अजून संध्याकाळी. डावा अंगठा गेलाच."

"गोळ्या?"

"काही नाही. महिन्याला एक इंजेक्शन."

"माझ्या सासऱ्यांनाही नेलं मी तपासायला," तो म्हणाला. "त्यांच्यात बी-बारा चांगलं निघालं. त्यांचं दुखणं वेगळंच होतं." गळ्यातल्या मशीनचा पट्टा नीट करत तो म्हणाला, "मी गोळी सांगायला नको होती."

"मी घ्यायला नको होती."

निघायची वेळ झाली. लोक चढले. एक बाई भाजीची पिशवी सीटखाली सरकवत म्हणाली, "बसा लवकर, ही बाई कधी गाडी सोडेल नेम नाही." लोणीनं आरशात पाहिलं, सगळे बसलेत की नाही. पाय ब्रेकवर ठेवला. तो तिथं होता, थोडा परका, पण होता. तिनं सवयीनं खाली नजर टाकली, खात्री केली आणि दार बंद करायचं बटण दाबलं.